बारावा दगड

नंबरताईंच्या टेबलाच्या डाव्या खणात अकरा दगड होते. प्रत्येकाच्या सपाट बाजूवर लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका. सकाळी कामाला बसताना त्या ते बाहेर काढत, संध्याकाळी परत ठेवत आणि ठेवताना मोजत. एकोणीस वर्षं ते अकराच भरत होते. त्याआधी बारा होते.

हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. विचारणार तरी कोण? ते दगड म्हणजे नुसती वजनं, कागद उडू नये म्हणून ठेवायची.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. संग्रहालयाच्या मागच्या इमारतीत, तळमजल्यावर, एका लांबलचक खोलीत त्या एकतीस वर्षं काम करत होत्या. खोलीत दोन दगडी हौद, भिंतीला लागून लोखंडी मांडण्या आणि छतापर्यंत गेलेली खणांची कपाटं. उत्खननातून पिशव्या यायच्या. पिशवीत दगड आणि एक चिठ्ठी: कुठला खड्डा, कुठला थर, किती खोल, तारीख. ताई पिशवी ट्रेमध्ये ओतायच्या, मऊ ब्रशनं एकेक दगड धुवायच्या आणि पंख्याखाली वाळत घालायच्या. पंख्यानं चिठ्ठी उडायची, म्हणून तिच्यावर वजन. दगड वाळले की प्रत्येकाच्या सपाट बाजूवर पांढऱ्या रंगाची पट्टी, पट्टीवर काळ्या शाईनं मुंगीएवढा क्रमांक, वरून वॉर्निश. मग रजिस्टरात नोंद. म्हणून शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना नंबरताई म्हणत. त्यांचा आकडा छापल्यासारखा यायचा. खाडाखोड त्यांच्या रजिस्टरात शोधून सापडली नसती.

वजनं त्यांना सरांनीच दिली होती, नोकरीच्या पहिल्या वर्षी. सर तेव्हा उत्खननाचे प्रमुख, काळेभोर केस, बोलायला लागले की जेवणाची सुट्टी संपून जायची. उपसलेल्या मातीच्या ढिगात काही दगड सापडले होते. चांगले, माणसानं घडवलेले, पण नेमके कुठल्या जागेवरून आले ते कुणी टिपून ठेवलं नव्हतं. सरांनी ते ओंजळीत आणून ताईंच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "ह्यांची जागा हरवली. जागा हरवलेला दगड मुका असतो, बाई. आम्हाला ह्यांचा उपयोग नाही. तुम्ही वापरा."

ते बारा होते. खऱ्या दगडांत मिसळू नयेत म्हणून ताईंनी त्यांच्यावर लाल ठिपके दिले. नेलपॉलिशची बाटली त्यांच्या नणंदेनं हौसेनं दिलेली. वन्संना वाईट वाटू नये म्हणून घेतली खरी, पण नखांना कधी लागली नाही. ती ह्या कामी आली.

सोमवारी सकाळी संचालकांनी बोलावून घेतलं आणि एक पत्र पुढे केलं. गुरुवारी अकरा वाजता तीन तज्ज्ञांची समिती येणार होती. दगड क्रमांक चारशे सतरा तपासायचा होता. दगडाच्या खाचांतली माती इतक्या वर्षांच्या हाताळणीत निघून गेली असेल, पण क्रमांकाच्या पट्टीखाली कणभर तरी टिकली असेल, ती कुठल्या थराची आहे हे नव्या यंत्रावर कळेल, असं पत्रात होतं. पुढचं वाक्य ताईंनी दोनदा वाचलं. क्रमांक ज्यांनी घातला त्यांनीच तो समितीसमोर काढावा, म्हणजे दगडाला इजा होणार नाही.

"तुमच्या हातावर त्यांचा केवढा विश्वास बघा," संचालक कौतुकानं म्हणाले.

ताई हो म्हणाल्या. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला. एरवी त्या कधी धरत नसत.

चारशे सतरा म्हणजे काय, हे त्या इमारतीत झाडूवालाही सांगू शकला असता. शहराबाहेर एका टेकडीच्या पोटात गुहा होती. तिच्या वरच्या थरात माणसाची हत्यारं मिळाली, बारा हजार वर्षांपूर्वीची. त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. पण त्याखालच्या तांबूस मातीचं वय निघालं चाळीस हजार, आणि त्या मातीतही फुटलेले दगड मिळाले. सर म्हणाले, हे माणसानं फोडलेत, माणूस इथे चाळीस हजार वर्षांपूर्वीच आला. दुसरा पक्ष म्हणाला, गुहेच्या छतावरून पडले आणि फुटले, त्याला माणूस कशाला लागतो? दोन्ही बाजूंनी लेख लिहिले गेले, सभांमधून आवाज चढले, थराचं वय काढायला वापरलेल्या एकमेकांच्या कोळशाच्या तुकड्यांवर शंका घेऊन झाल्या. त्या सगळ्यात एकच दगड असा निघाला की त्याला नाकारायची कुणाची छाती होईना. तो चारशे सतरा. एका कडेनं ओळीनं नऊ टवके, सगळे एकाच दिशेनं. छतावरून पडणारा दगड असा मोजूनमापून फुटत नाही.

तेव्हा विरोधकांना एवढंच म्हणता आलं की हा वरून खाली घसरला असणार. हे पहिल्यांदा म्हणाली ती सरांचीच विद्यार्थिनी. उंदराच्या बिळातून वरच्या थरातला दगड खाली गेला, कारण तांबूस मातीतल्या सगळ्या दगडांवर तांबूस छटा आहे आणि हा एकटाच स्वच्छ आहे, असं तिनं भर बैठकीत सांगितलं. सर म्हणाले, तिथे बीळ नाही, मी बोटांनी माती चाचपली आहे. ती म्हणाली, मग दगडाचा रंग बोलतो ते काय? त्यानंतर तिला उत्खननावर बोलावणं गेलं नाही. इमारतीत तिचं नाव उंदीरबाई पडलं. तिनं दुसऱ्या गावी, दुसऱ्या संस्थेत पहिल्यापासून सुरुवात केली. सरांचं नाव मात्र त्या दगडानं झालं. दगडाचा पुरुषभर उंच फोटो पुढच्या दालनात लागला.

ताई एकोणीस वर्षं मागच्या दारानं ये-जा करत होत्या. ते दार घराच्या वाटेवर पडतं, असं त्या सांगत. पडत नव्हतं.

गुरुवारच्या समितीची प्रमुख उंदीरबाईच होती.

मंगळवारी संध्याकाळी ताईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करणारे. दुकान बंद करून चार वर्षं झाली होती, पण स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओळखीपाळखीच्यांची घड्याळं पोट उघडून पडलेली असायची. ते डोळ्याला भिंग लावून बसले होते. ताई बोलू लागल्यावर त्यांनी ते काढून ठेवलं.

तो दिवस दोघांनाही आठवत होता. त्या दिवशी सासूबाई न्हाणीघरात पडल्या. ताईंच्या टेबलावर तांबूस मातीचा ट्रे होता, निम्म्या दगडांना पट्ट्या घालून झालेल्या. फोन आला तो ह्यांचाच. आईला कुठल्या दवाखान्यात नेऊ, कागद कुठे आहेत, चादर कुठली घेऊ. ताईंनी फोन कानाखांद्यात धरला आणि बोलता बोलता पुढचे दगड करत राहिल्या. घेतलेला ट्रे अर्धा सोडून उठायचं नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम. अर्धा ट्रे म्हणजे चुकीला आमंत्रण, असं त्या नव्या माणसांना शिकवत. हाताला सवय होती. दगड उचलायचा, अंगठ्यानं सपाट बाजू शोधायची, पांढरा ब्रश फिरवायचा. डोळे त्या वेळी समोरच्या भिंतीवर होते. पट्ट्या वाळल्या, आकडे घातले, वॉर्निश दिलं आणि मग त्या पळाल्या. सासूबाई त्यातून उठल्या, पुढे सहा वर्षं जगल्या, आणि आल्यागेल्याला ऐकवत राहिल्या की माझ्या हाडापेक्षा सूनबाईला तिचे दगड जवळचे.

दुसऱ्या दिवशी ताईंनी चिठ्ठी पाकिटात घालायला घेतली तेव्हा तिच्यावर वजन नव्हतं. चिठ्ठी मांडणीखाली, जमिनीवर पडली होती. खणात अकरा भरले. त्यांनी हौद उपसून पाहिला, कपाटाखाली काठी फिरवली. आठवड्यानं सर ट्रे बघायला आले, एक दगड उचलला, खिडकीशी नेला आणि तिथेच मटकन स्टुलावर बसले. डोळ्यांत पाणी. ताई हातात टॉवेल घेऊन उभ्या होत्या. बोलायचं ते तेव्हाच बोलायचं राहून गेलं.

"तुला नक्की माहीत आहे का?" यजमानांनी विचारलं.

"नाही. पट्टीखाली बघितल्याशिवाय कसं कळणार?"

"मग इतकी वर्षं बघितलं का नाहीस?"

ताईंनी टेबलावरचं एक उघडं घड्याळ बाजूला सरकवलं.

"आमच्या धंद्यात एक असतं," ते सावकाश म्हणाले. "घड्याळ जोडून झालं आणि टेबलावर एक स्क्रू उरला. घड्याळ तर चालतंय. अशा वेळी स्क्रू डबीत टाकायचा आणि गिऱ्हाइकाला हसून नमस्कार करायचा. माझ्याकडे एक उरायचा, तुझ्याकडे एक कमी पडला, एवढाच फरक. उघडू नकोस."

"परवा ते उघडणारच आहेत."

"मग उद्या तू उघड. असलाच ठिपका तर पुसून टाक, वर नवी पट्टी घाल. किल्ली तुझ्याकडे, बाटली तुझ्याकडे. अगं, चार महिन्यांनी निवृत्त होशील. त्या म्हाताऱ्या माणसाचं आयुष्य त्या दगडावर उभं आहे. एका ठिपक्यासाठी त्याला मारणार आहेस का?"

ह्यांनी हे निष्ठुरपणे म्हटलं नव्हतं, उलट फार मायेनं म्हटलं होतं. म्हणूनच ताईंना त्या रात्री जेवण गेलं नाही.

बुधवारी त्या नेहमीपेक्षा तासभर आधी आल्या. कपाट उघडलं, चारशे सतरा बाहेर काढला आणि खिडकीखालच्या टेबलावर मऊ कापडावर ठेवला. पट्टी जुन्या दातासारखी पिवळट झाली होती. आकडा मात्र स्पष्ट होता, आणि तो त्यांच्याच हातचा होता. चारच्या डोक्यावरचा छोटा वळसा त्या अजूनही तसाच काढत. वर पंखा एकेक फेरा मोजल्यासारखा कुरकुरत होता. त्यांनी काडीला कापूस गुंडाळला, ॲसिटोनमध्ये बुडवला आणि पट्टीच्या एका कोपऱ्यावर अलगद फिरवला. आधी वॉर्निश सुटलं. मग पांढरा रंग दुधासारखा कापसात उतरला. त्यांनी काडी उलटी केली, दुसऱ्या टोकाला नवा कापूस लावला आणि पुन्हा फिरवला.

कापसाच्या टोकाला गुलाबी डाग आला.

त्या ओरडल्या नाहीत, दचकल्याही नाहीत. एकोणीस वर्षं दाराबाहेर कुणी उभं असावं आणि आज त्यानं कडी वाजवावी, इतकंच. बाटली उघडी होती. आणखी पाच मिनिटं पुरली असती. नवी पट्टी वाळायला अर्धा तास, आकड्याला दोन मिनिटं. जुना पिवळटपणा कसा आणायचा तेही त्यांना माहीत होतं, चहाच्या पाण्याचं एक बोट. हे आपल्याला इतकं झटकन सुचलं, ह्याचंच त्यांना भय वाटलं.

तेवढ्यात बाहेर काठीचा आवाज आला. सर. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी रोज येऊन कोपऱ्यातल्या खोलीत बसत. ताईंनी दगडावर कापडाचा पदर ओढला. सर आत आले आणि हौदाजवळच्या त्याच स्टुलावर बसले. मान बारीक झाली होती, कॉलर सैल.

"तयारी चालली आहे वाटतं उद्याची," ते म्हणाले.

ताई हं म्हणाल्या.

"मला झोप लागली नाही. काळजी नाही हो, आनंदानं. उद्या ते उंदराचं बीळ कायमचं बुजणार." ते हसले आणि हसता हसता खोकला आला. तो ओसरेपर्यंत थांबून म्हणाले, "एक सांगू का बाई? त्यांनी माझ्या कोळशावर शंका घेतली, मातीवर घेतली, माझ्या डोळ्यांवर घेतली. तुमच्या नंबरवर मात्र कुणी शंका घेतली नाही. ना त्यांनी, ना आम्ही. एवढ्या भांडणात तेवढी एकच गोष्ट दोघांनी मानली."

ॲसिटोनचा वास खोलीभर होता. तो सरांना येत नव्हता असं नाही, पण त्या खोलीत तो नेहमीच असे. ते उठले, जाताना सवयीनं हौदाचा गळका नळ घट्ट पिळला आणि गेले.

ताईंच्या हातात अजून ती काडी होती. त्यांनी खणातून एक छोटं पाकीट काढलं, काडी त्यात घातली आणि वर लिहिलं: तारीख, क्रमांक चारशे सतरा, पट्टीचा डावा कोपरा, लाल रंग. खाली सही. लिहून झाल्यावर त्या पाकिटाकडे बघत राहिल्या. एकतीस वर्षांत क्रमांक घातलेली वस्तू त्यांनी कधी फेकली नव्हती. हातानं हे आपसूक केलं होतं, त्या दिवशी ब्रश फिरवला होता तसंच. त्यांनी बाटलीला बूच लावलं.

गुरुवारी अकराला पाच कमी असताना समिती आली. दोन पुरुष, त्यांतला एक यंत्रासाठी नमुने घेणारा, आणि उंदीरबाई. केस पांढरे झाले होते, चष्मा जाड. आत येताच तिनं हौद पाहिला, मांडण्या पाहिल्या, आणि ताईंना म्हणाली, "अजून तोच पंखा?" शिकत असताना तिनं इथे महिनोन् महिने दगड धुतले होते. सरांना तिनं नमस्कार केला. सरांनी मान हलवली, पण नजर दिली नाही. संचालक सगळ्यांना खुर्च्या देत होते.

ताईंनी टेबलावर कापड पसरलं. डावा खण उघडला आणि त्यातले अकरा दगड एकेक करून ओळीनं मांडले, लाल ठिपके वर करून. शेवटी चारशे सतरा मांडला, पट्टीची बाजू वर. शेजारी पाकीट ठेवलं. कुणाला काही कळेना. संचालक म्हणाले, ताई, आपल्याला एकच तपासायचा आहे.

ताई सरांकडे वळल्या.

"सर, हा दगड तुम्ही मला दिला होता," त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षी. बारा दिले होते."

मग त्यांनी सगळं सांगितलं. फोन, ट्रे, जमिनीवरची चिठ्ठी, काल काढलेला कोपरा. आवाज रजिस्टर वाचून दाखवावं तसा एका पट्टीत. सांगून झाल्यावर बाटली उघडली आणि सगळ्यांसमोर उरलेली पट्टी काढली. पांढरं उतरलं, चार गेला, एक गेला, सात गेला, आणि खाली नेलपॉलिशचा ठिपका दिसू लागला. वर्षानुवर्षं झाकलेला असल्यामुळे तो बाकीच्या अकरांपेक्षा ताजा होता. कालच दिल्यासारखा.

नमुने घेणाऱ्या माणसानं हातमोजे घातले होते, ते त्यानं काढून खिशात ठेवले. पट्टीखाली माती नव्हती. नेलपॉलिश होतं.

सर उठले नाहीत. त्यांनी हात पुढे केला, ताईंनी दगड त्यांच्या तळहातावर ठेवला. अंगठा सवयीनं नऊ टवक्यांवरून फिरला. "ढिगातला," ते म्हणाले, स्वतःशीच. मग, "मी स्वतः ओंजळीत आणले होते." त्यांनी ताईंना बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं ताईंना नंतर पुष्कळदा वाटलं.

सगळ्यांना वाटलं, उंदीरबाईला आता विजयाचा आनंद होईल. पण तिचंही बीळ गेलं होतं. जिथे दगडच नव्हता तिथे उंदीर कुठला? एकोणीस वर्षं दोघं एकमेकांच्या उरावर बसली होती, एका वजनासाठी. मग तिची नजर भिंतीकडे, छतापर्यंत गेलेल्या कपाटांकडे गेली. ताईंनी ती नजर पाहिली.

"चिठ्ठीवर दगडांची संख्या लिहायची पद्धत कधी सुरू झाली?" तिनं विचारलं. "आमच्या वेळी नव्हती."

"त्यानंतरच्या महिन्यात. मीच सुचवलं."

"का सुचवलंत ते कुणी विचारलं नाही?"

"नाही. चांगली सूचना आहे म्हणाले."

"म्हणजे त्याआधीच्या बारा वर्षांत किती दगड आत आले आणि किती दगडांना नंबर पडले, हे कुठेच लिहिलेलं नाही."

"वजनं बाराच होती," ताई म्हणाल्या. "त्या दिवसापर्यंत. मी रोज मोजत होते."

"वजनं मोजत होतात, ताई," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "दगड मोजत नव्हतात. एका ट्रेतला दुसऱ्या ट्रेत गेला असता तर?"

पंखा कुरकुरत होता. संचालकांनी कपाळ पुसलं आणि हे बाहेर कसं सांगायचं, असं काहीतरी पुटपुटले. त्या बारा वर्षांतल्या दगडांवर पुस्तकं उभी होती, पदव्या उभ्या होत्या, पुढच्या दालनातली निम्मी कपाटं उभी होती. प्रत्येकावर ताईंचा छापल्यासारखा आकडा होता, आणि आजपर्यंत त्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिलं नव्हतं.

ताईंनी रजिस्टर काढलं. चारशे सतराच्या ओळीवर फूटपट्टी ठेवून एक सरळ रेघ मारली. जागेच्या रकान्यात लिहिलं: माहीत नाही. सही केली, तारीख घातली. ती त्यांच्या रजिस्टरातली पहिली खाडाखोड.

मग त्या भिंतीकडे गेल्या, स्टूल ओढून त्यावर चढल्या आणि सगळ्यात वरच्या, सगळ्यात जुन्या खणाला हात घातला. खण इतक्या वर्षांनी अडकून बसला होता. त्यांनी दोन्ही हातांनी ओढला. आत दगड होते, शेजारी शेजारी, पांढऱ्या पट्ट्या वर करून, एकापासून पुढे.

खाली सर आता उठून उभे होते, काठीवर भार देऊन, तळहातावर तो दगड तसाच घेऊन. त्यांनी विचारलं, "किती आहेत?"

ताईंनी मोजायला सुरुवात केली.